पुढचं काही माहीत नसताना

निघण्यापूर्वी एक अट मान्य करा. पेव्हमेंट या अमेरिकी बँडबद्दल आजवर जे काही कानावर पडलं असेल, ते घरीच ठेवून यायचं. त्यांचे पाच अल्बम, १९९९ साली झालेली फाटाफूट, २०१० आणि २०२२ मध्ये पुन्हा एकत्र येऊन केलेले दौरे, समीक्षकांनी उधळलेली विशेषणं, यातलं काहीच बरोबर घ्यायचं नाही. आपण जिथे निघालो आहोत तिथे यातलं काही घडलेलं नाही आणि घडेल असं कोणाच्या ध्यानीमनीही नाही.

अट कठीण आहे, पण प्रवासाचं सगळं फळ तिच्यातच आहे. एखाद्या बँडची सुरुवातीची ध्वनिमुद्रणं पुढे अल्बम म्हणून निघतात, तेव्हा आपण ती उलटीकडून ऐकतो. शिखर आधी पाहिलेलं असतं, मग पायथ्याशी येऊन आपण खुणा शोधत बसतो. ‘बघा, इथेच दिसतंय की पुढे काय होणार ते!’ या शोधात एक गोष्ट हातची जाते. ती गाणी करणाऱ्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. त्यांचं ते न दिसणं ऐकू येईल का, एवढ्यासाठीच हा प्रवास आहे.

स्टॉकटन, मंगळवार, १७ जानेवारी १९८९

तुम्ही उतरता आणि आधी शंका येते की भलत्याच ठिकाणी आलो. मनातल्या कॅलिफोर्नियात समुद्र असतो, सोनेरी ऊन असतं, सिनेमावाले असतात. इथे सपाट शेतजमीन आहे, क्षितिजापर्यंत. स्टॉकटन हे सॅन वाकीन नदीच्या खोऱ्यातलं, सुमारे दोन लाख वस्तीचं शेतकी शहर. नदीचे फाटे, मातीचे बांध, फळबागा, अ‍ॅस्परॅगसची शेतं. समुद्र शंभराहून अधिक किलोमीटर दूर असूनही इथे बंदर आहे, कारण नदीचं पात्र खोल करून मालवाहू जहाजं थेट आत आणली आहेत. हिवाळ्यात या खोऱ्यात जमिनीलगत असं दाट धुकं साचतं की चार हातांवरची गाडी दिसू नये.

शहराच्या दक्षिण भागात एक गुरुद्वारा लागेल, तिथे घटकाभर थांबा. १९१२ साली स्थापन झालेला हा अमेरिकेतला पहिला गुरुद्वारा. शेतांवर राबायला आलेल्या पंजाबी माणसांनी तो उभा केला आणि गदर चळवळीचं हे एक महत्त्वाचं ठाणं झालं. त्याच चळवळीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळेही. पिंगळ्यांना १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात फाशी झाली. दूरदूरच्या माणसांनी येऊन घामाने कसलेलं हे शहर आहे, हे लक्षात असू द्या. पुढच्या काही तासांत ते लागणार आहे.

दुपारचं जेवण व्हायच्या सुमाराला सायरन ऐकू येऊ लागतात. एक नाही, अनेक. क्लीव्हलँड एलिमेंटरी या प्राथमिक शाळेच्या मैदानावर मधल्या सुट्टीत एका माणसाने लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकीतून गोळ्या झाडल्या आहेत. पाच मुलं मरण पावली, तीसहून अधिक जण जखमी झाले. गेलेली मुलं सहा ते नऊ वर्षांची होती. चार कंबोडियन कुटुंबांतली आणि एक व्हिएतनामी. युद्धातून जीव वाचवून आलेल्या आईबापांची ही मुलं. या दिवसानंतर कॅलिफोर्नियाने अशा बंदुकांवर बंदी घालणारा कायदा केला. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याने केलेला तसा तो पहिलाच.

आपण ज्या घराकडे निघालो आहोत, तिथल्या कामाचा या घटनेशी संबंध नाही. ओढूनताणून तो जोडूही नका. कोवळ्या मुलांचं मरण हे कुठल्याही गाण्याची पार्श्वभूमी म्हणून वापरायची गोष्ट नव्हे. पण ध्वनिमुद्रणाला तारीख असते, आणि तारखेला फक्त एक खोली नसते, सबंध शहर असतं. त्या दिवशी स्टॉकटनमध्ये काय काय घडलं असं कोणी विचारलं, तर खरं उत्तर देताना ही मुलं आधी येतात. पाच गाणी त्यानंतर.

त्याच दिवशी, गॅरी यंगच्या घरी

घर साधंच आहे. त्यातल्या स्टुडिओला मालकाने नाव दिलंय ‘लाउडर दॅन यू थिंक’. मालक गॅरी यंग, वय ३५. न्यूयॉर्ककडचा माणूस, इथे येऊन स्थिरावलेला. ड्रम वाजवतो, गावातल्या पंक पोरांची गाणी मुद्रित करतो, स्वतः मात्र ‘येस’सारख्या बँडच्या लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांवर जीव टाकतो. त्याच्यासमोर दोन मुलं उभी आहेत. दोघंही २२ वर्षांची, दोघंही याच शहरात वाढलेली. एक स्टीव्हन मालकमस, व्हर्जिनिया विद्यापीठातून इतिहास शिकून परतलेला. दुसरा स्कॉट कॅनबर्ग. त्यांच्याकडे गिटारी आहेत, काही गाणी आहेत. बँड म्हणावा असं तिसरं माणूस नाही.

तुम्ही कोपऱ्यात उभे राहा. वायरींवर पाय देऊ नका.

पहिल्यांदा जाणवतं ते हे की बेस गिटार नाही. रॉकमध्ये ड्रम आणि गाणं यांना बांधून ठेवणारा हा खालचा स्वर. तो नसला की गाण्याचा तळ उघडा पडतो. ही मुलं त्यावर तोडगा काढतात: साध्या गिटारच्या तारा उतरवायच्या आणि तिच्याकडूनच जाड आवाज काढून घ्यायचा. काम भागतं, पण आवाज बेसचा नसतो. त्याला कडा राहतात, तो घासत जातो. पुढे कोणी याला शैली म्हणेल. आज ती गरज आहे. पुढे कोणी काही म्हणेल हे तुम्हाला ठाऊकच नाही, अट आठवा.

काही गाण्यांना ड्रम हवेत, म्हणून गॅरी स्वतःच ड्रमवर बसतो. गाणी त्याने आधी ऐकलेली नाहीत. दोघं वाजवतात, तो अंदाज घेत मागून येतो. त्याच्या हातात पंकचा सरळ ठोका बसत नाही. कुठेतरी एक जादा वळण, एक अनपेक्षित थाप येतेच. कान देऊन ऐका, कारण या खोलीतली सर्वांत महत्त्वाची घडामोड हीच आहे. दोन तरुणांना आवाज विस्कटायचा आहे आणि त्यांच्याहून तेरा वर्षांनी मोठ्या माणसाला तो नीट रचायचा आहे. दोघांपैकी कोणीच पूर्ण जिंकत नाही, आणि गाण्याला त्याचा चेहरा तिथेच मिळतो.

आता टेपकडे बघा. रीळ फिरतंय. या फितीवर लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण आहेत आणि आवाज म्हणजे त्या कणांची चुंबकीय मांडणी. कण सुटे, विस्कळीत असतात, म्हणून काहीही मुद्रित नसतानाही फितीतून बारीक सळसळ येते. एका फितीवर जितके जास्त मार्ग पाडाल तितका प्रत्येकाच्या वाट्याला कमी रुंदीचा पट्टा येतो आणि सळसळ वाढते. एक आवाज दुसऱ्यावर चढवत, पुन्हा मुद्रित करत गेलात तर आधीची सळसळही पुढे येते आणि नवी भर पडते. उलट आवाज फार जोरात सोडला तर कणांची क्षमता संपते, लहरींची टोकं चपटी होतात आणि सगळं एकमेकांत दाटून येतं. मापकाचा काटा लाल पट्ट्यात गेला की महागड्या स्टुडिओतला तंत्रज्ञ हात वर करतो. इथे काटा लाल पट्ट्यात आहे आणि दोघंही खूश आहेत.

एवढं बघितलंत की एक समज गळून पडतो: हा आवाज केवळ गरिबीचा आवाज आहे हा समज. पैसे थोडे आहेत हे खरंच, सगळ्या कामाचा खर्च ८०० डॉलरच्या आसपास. पण इंग्लंडचे द फॉल आणि स्वेल मॅप्स यांच्या तबकड्या या मुलांनी भक्तिभावाने ऐकल्या आहेत. खरखर, अर्धवट तुटलेली ओळ, मध्येच घुसलेला रेडिओसारखा गोंगाट, हे सगळं त्यांना सुंदर वाटतं. ते खोलीची मर्यादा मान्य करतात आणि मग तिच्यातलं जे आवडतं ते वाढवून घेतात.

पाच गाणी होतात. पहिलं ‘यू आर किलिंग मी’: गिटारचा खरखरता पडदा आणि त्यामागून येणारा एक थंड, जवळजवळ बेफिकीर गळा. चाल आहे, पण ती पडद्याआड उभी आहे. तुम्हालाच पुढे होऊन पडदा सारावा लागतो. दुसरं ‘बॉक्स एल्डर’. इथे अचानक सगळं स्वच्छ होतं. खेळती गिटार, पुढे पुढे जाणारा ठोका आणि हे गाव सोडून निघून जायची इच्छा असलेला एक माणूस. दोन-अडीच मिनिटांत गाणं संपतं आणि तुम्हाला ते पुन्हा हवंसं वाटतं. ‘मेबी मेबी’, ‘शी बिलीव्ह्‌ज’ आणि ‘प्राइस येह!’ मध्ये गोंगाट परत येतो.

आता स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. पुढचं काही ठाऊक नसताना, या पाच गाण्यांवरून तुम्ही काय भाकीत केलं असतं? बहुतेक काहीच नाही. दुसरं गाणं आवडलं असतं. बाकीच्यांबद्दल डोकं खाजवलं असतं. आणि दारातून बाहेर पडताना वाटलं असतं की या दोघांना कोणी ऐको न ऐको, त्याने त्यांना फार फरक पडणार नाही. ही शेवटची गोष्ट नीट ध्यानात ठेवा. ऐकणारा समोर नसल्यामुळे ही गाणी कोणालाही पटवायला जात नाहीत. ती ओळख करून देत नाहीत, आर्जव करत नाहीत. पुढे कितीही उत्तम गाणी केली तरी कोणत्याही बँडला हा सूर पुन्हा लावता येत नाही, कारण पुढे समोर कोणीतरी असतं.

१९८९, एका टपालपेटीजवळ

काही महिने पुढे या. पाच गाण्यांची सात इंची तबकडी तयार झाली आहे. कंपनी नाही, म्हणून दोघांनी स्वतःच एक नाव काढलंय: ‘ट्रेबल किकर’. प्रती हजार. तुमच्या हातात त्यातली एक आहे. वेष्टणावर दोघांची खरी पूर्ण नावं शोधू नका. मालकमस इथे फक्त ‘एस. एम.’ आहे आणि कॅनबर्ग ‘स्पायरल स्टेअर्स’. तबकडीचं नाव ‘स्ले ट्रॅक्स’ आणि त्यापुढे दोन सालं: १९३३–१९६९.

या सालांवर जरा रेंगाळा. दोघांचाही जन्म १९६६ चा. १९६९ मध्ये त्यांना धड बोलताही येत नसेल. तरीही आपल्या पहिल्याच तबकडीला त्यांनी जुन्या संग्रहाचा वेश चढवला आहे, जणू कोणा विस्मृतीत गेलेल्या कलावंताची छत्तीस वर्षांची कामगिरी आज पहिल्यांदा उजेडात येतेय. ज्यांचा अजून भूतकाळच नाही त्यांनी एक भूतकाळ रचून घेतला. मला यात पोरकट गंमत दिसत नाही, एक फार खोल ओढ दिसते. तबकड्यांच्या दुकानात धुळकट खोक्यांत हात घालून वाढलेल्या मुलांना कोणत्या प्रकारचं संगीत सर्वांत मोलाचं वाटतं? जे हरवलं होतं आणि सापडलं. आपली तबकडीही अशीच कोणालातरी सापडावी, असं त्यांना वाटलं असणार.

सापडायची तर ती आधी पाठवावी लागते. मालकमस तर परदेशात भटकायला निघून गेलाय. कॅनबर्ग मागे राहिलाय आणि सगळी उस्तवार त्याच्यावर आहे. तबकड्या तो पाकिटांत भरतो, पत्ते लिहितो, तिकिटं चिकटवतो. पाकिटं जातात हौशी संगीतवेड्यांच्या अनियतकालिकांकडे, ज्यांना तिकडे फॅनझीन म्हणतात, आणि छोट्या कंपन्यांकडे. झेरॉक्स काढून टाचलेल्या त्या पानांत कोणी चार ओळी लिहील, त्या वाचून दुसऱ्या शहरातलं कोणी पत्र धाडील, सोबत काही डॉलर. या संगीताचा सगळा व्यवहार टपालावर चालतो. वाट पाहणं हा त्याचा भाग आहे आणि बहुतेक पाकिटांना उत्तर न येणं हाही.

गाणी लिहिणाऱ्याचं नाव इतिहासात मोठं होतं. पाकिटं चिकटवणारा मागे पडतो. तुम्ही इथवर आला आहात तर कॅनबर्गला नीट बघून घ्या. ही हजार पाकिटांची चिकाटी नसती, तर गॅरीच्या घरातली टेप गॅरीच्या घरातच राहिली असती.

लीड्स आणि शिकागो, १९९०

उत्तरं येतात. पहिलं अगदी अनपेक्षित दिशेने, समुद्रापलीकडून. लीड्सचा ‘द वेडिंग प्रेझेंट’ हा इंग्लंडमध्ये चांगला नावाजलेला बँड ‘बॉक्स एल्डर’ स्वतः वाजवतो आणि १९९० मध्ये आपल्या ‘ब्रासनेक’ या सिंगलच्या मागच्या बाजूला घालतो. ज्यांनी स्वतःच्या गावातही फारसा कार्यक्रम केलेला नाही, त्यांचं गाणं आता दुसऱ्या देशातले लोक गुणगुणतात. गाव सोडून जायचं म्हणणारं गाणं स्वतःच गाव सोडून गेलं.

दुसरं उत्तर शिकागोहून. डॅन कोरेत्स्की आणि डॅन ऑस्बर्न हे दोन तरुण ‘ड्रॅग सिटी’ नावाची कंपनी काढताहेत. कोरेत्स्कीच्या हाती ‘स्ले ट्रॅक्स’ लागली आहे आणि पुढची तबकडी आम्ही काढतो म्हणून त्याने कळवलंय. ती येते १९९० मध्ये: ‘डेमॉलिशन प्लॉट जे-७’, पुन्हा सात इंची, सहा गाण्यांची. ‘फोर्कलिफ्ट’ लावा. गोंगाट तोच, पण आता त्याला कणा आहे. ‘रेकॉर्डर ग्रॉट’मध्ये इतका वेग आहे की मागच्या वर्षीची बेफिकिरी कुठे गेली असं वाटावं. दोघांना आता ठाऊक आहे की कुठेतरी कोणीतरी ऐकतंय. एवढ्या ज्ञानानेही हात थोडा घट्ट होतो.

१९९१ मध्ये तिसरी येते आणि ती दहा इंची आहे. आपल्याकडे नाट्यपदांच्या जुन्या ७८ गतीच्या तबकड्या बहुधा याच आकाराच्या असत. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पेटीत तुम्ही तो आकार पाहिला असेल. १९९१ साली तो कधीच मागे पडलेला. तिचं नाव ‘परफेक्ट साउंड फॉरएव्हर’. हे शब्द सीडीच्या जाहिरातीतले. सीडी बाजारात आणताना कंपन्यांनी ग्राहकांना हेच वचन दिलं होतं: निर्दोष आवाज, कायमचा. आणि इथे ते वचन एका कालबाह्य आकाराच्या, सळसळणाऱ्या, पहिल्याच वापरात ओरखडा पडेल अशा तबकडीवर छापलंय. हे नाव वाचताना मला त्यामागचा ठाम विश्वास दिसतो: आवाज टिकतो तो स्वच्छ असल्यामुळे नव्हे, कोणीतरी तो पुन्हा पुन्हा लावल्यामुळे.

यातली सात गाणी ऐका. ‘हेक्लर स्प्रे’ शब्दांविना सुरू होतं आणि मिनिटभरात दार उघडून देतं. ‘फ्रॉम नाऊ ऑन’, ‘डेब्री स्लाइड’, ‘होम’; आता चाली गोंगाटामागे लपत नाहीत, त्याच्या खांद्यावर बसून येतात. अजूनही बाजू संपली की उठावं लागतं, सुई उचलावी लागते, तबकडी उलटवावी लागते. खोलीत काही क्षण काहीच वाजत नाही. त्या काही क्षणांत तुम्ही ठरवता की पुढे ऐकायचं की नाही. या संगीताची लय त्या उठण्याबसण्यासकट आहे, हेही अनुभवून घ्या, कारण लवकरच ते संपणार आहे.

एव्हाना गॅरी नुसता स्टुडिओमालक उरलेला नाही, बँडचा ड्रमर झालाय. कार्यक्रमाच्या दारात उभा राहून तो आलेल्यांच्या हातात भाजी ठेवतो, मंचावर हातांवर उभा राहतो. मार्क आयबोल्डच्या रूपाने बेस वाजवणारा मिळालाय, बॉब नॅस्टॅनोविच सोबत आलाय. मालकमस न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात पहारेकऱ्याची नोकरी करतोय. इतरांची चित्रं सांभाळत दिवसभर उभं राहायचं काम. १९९१ मध्येच ‘समर बेब’ या गाण्याची सात इंची तबकडी निघते आणि तिच्याबरोबर आपली ही पहिली वाट संपत येते. गॅरीच्या स्टुडिओत मुद्रित केलेला पहिला पूर्ण अल्बम ‘स्लॅन्टेड अँड एन्चान्टेड’ १९९२ मध्ये मॅटाडोर कंपनी काढते. ‘समर बेब’ त्यातही आहे, थोड्या वेगळ्या रूपात, ‘हिवाळी आवृत्ती’ म्हणून. नियतकालिकांमध्ये स्तुतीचे रकाने भरतात. आता सगळ्यांना हा बँड हवाय आणि सगळ्यांना कळलंय की आधीच्या काही तबकड्या होत्या, ज्या आता मिळत नाहीत.

१९९३, तबकड्यांच्या दुकानात

तुम्ही काउंटरपाशी उभे आहात. समोर ड्रॅग सिटीची नवी सीडी: ‘वेस्टिंग (बाय मस्केट अँड सेक्स्टंट)’. २३ गाणी. क्रम काळाप्रमाणे. पहिली पाच ‘स्ले ट्रॅक्स’ची, मग सहा ‘डेमॉलिशन प्लॉट’ची, मग सात ‘परफेक्ट साउंड फॉरएव्हर’ची, ‘समर बेब’ची तीन आणि इतरत्र विखुरलेली दोन. जे गोळा करायला एखाद्या वेड्याने वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला असता, ते आता एका प्लास्टिकच्या डबीत आहे.

ही डबी निघाली हे फार चांगलं झालं, यात शंका नको. मोजक्या प्रती जमवणाऱ्यांच्या कपाटात ही गाणी अडकून पडली असती, त्यांच्या किमती वाढत गेल्या असत्या आणि ज्यांच्यासाठी ती होती त्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांपर्यंत ती पोचली नसती. संग्रह काढणं हे औदार्याचं काम आहे. छोट्या कंपनीने आपल्या पहिल्या दिवसांची काळजी घेणं, टेप हरवू न देणं, गाण्यांचा क्रम प्रामाणिक ठेवणं, याचं मोल संगीताच्या इतिहासात कितीही सांगितलं तरी कमीच.

पण काउंटरपाशी उभे असतानाच हेही बघा की काय बदललं. चार वर्षांची वाट आता तासाभरात संपते. ‘प्राइस येह!’ संपतं आणि क्षणात ‘फोर्कलिफ्ट’ सुरू होतं. खऱ्या आयुष्यात या दोन गाण्यांच्या मध्ये कॅनबर्गची पाकिटं होती, मालकमसचा प्रवास होता, न आलेली उत्तरं होती, आलेली दोन होती. आता मध्ये काही नाही. आणि काही नसलं की कान लगेच रेघ ओढतो: हे असं होतं, मग असं झालं, म्हणून पुढे असं होणारच होतं. क्रमाने लावलेल्या गाण्यांमधून कार्यकारणभाव आपोआप डोकं वर काढतो. १९८९ च्या मंगळवारी त्या खोलीत तुम्ही उभे होतात, तुम्हाला माहीत आहे की असं होणारच होतं असं काही नव्हतं.

आणखी एक बदल पाहा. पहिल्या तबकडीने जुन्या संग्रहाचं सोंग घेतलं होतं. चार वर्षांत ती खरोखरच संग्रहात आली. ते रचलेलं भूतकाळाचं वेष्टण आता खऱ्या भूतकाळाच्या आत आहे. मुलांनी जे मागितलं होतं ते मिळालं. हरवलेल्यासारखं केलेलं संगीत खरंच मिळेनासं झालं आणि मग सापडलं. फक्त या वेळी ते शोधायला हजार माणसं नाहीत, कितीतरी जास्त आहेत, आणि ती सगळी उत्तर आधी वाचून गणित पाहायला आली आहेत.

याच साली गॅरी बँडमधून बाहेर पडतो. त्याच्या जागी स्टीव्ह वेस्ट येतो. ठोका सरळ होतो, बँड मोठा होतो, गाणी आणखी चांगली होतात असं अनेक जण म्हणतील आणि त्यांचं चूक नाही. पण ‘वेस्टिंग’मध्ये जो वेडावाकडा, मागून येणारा, आयत्या वेळी वळण घेणारा हात आहे, तो पुन्हा त्यांच्या गाण्यांत तसा ऐकू येत नाही.

तुमचं आजचं घर

आता परत या आणि अटीतून मोकळे व्हा. जे विसरला होतात ते सगळं आठवा. गॅरी यंग २०२३ च्या ऑगस्टमध्ये वारला, वय ७०. त्याच्या स्टुडिओच्याच नावाचा, ‘लाउडर दॅन यू थिंक’ हा माहितीपट त्याच वर्षी आला. ‘वेस्टिंग’ची २३ गाणी आता तुमच्या फोनवर आहेत, एका बोटाच्या अंतरावर, आणि तेविसावं संपलं की यंत्र न विचारता पुढचं लावतं.

सुरुवातीची ध्वनिमुद्रणं म्हणजे मोठ्या कामाचा कच्चा आराखडा, ही समजूत मी मनापासून नाकारतो. आराखडा कोणत्यातरी इमारतीसाठी असतो. ‘स्ले ट्रॅक्स’ कशासाठीही नव्हती. ती त्या दिवसापुरती पूर्ण होती. पुढे ‘स्लॅन्टेड अँड एन्चान्टेड’ झाला नसता, दोघांनी गिटारी विकून नोकऱ्या धरल्या असत्या, तरी ‘बॉक्स एल्डर’ तेवढंच चांगलं गाणं राहिलं असतं. ते ऐकायला कोणी उरलं नसतं, एवढाच फरक. आणि अशी कितीतरी गाणी खरोखर आहेत, ज्यांचा अल्बम कधी निघाला नाही. पेव्हमेंटचं हे पुस्तक उघडं राहिलं म्हणून त्या न उघडलेल्या पुस्तकांची जाणीव होते, आणि मला वाटतं ‘वेस्टिंग’सारख्या संग्रहाची खरी कमाई ही आहे. तो आपल्याला एका बँडबद्दल सांगतो, पण त्याहून जास्त त्या सगळ्या खोल्यांबद्दल सांगतो जिथे लाल पट्ट्यात काटा ठेवून कोणीतरी, कोणीच ऐकत नसताना, जीव ओतून वाजवत होतं.

म्हणून एवढं करा. ‘वेस्टिंग’ एका बैठकीत ऐकू नका. आज पहिली पाच गाणी लावा आणि पाचव्यानंतर स्वतःच्या हाताने बंद करा. सहावं गाणं दुसऱ्या दिवशी लावा, जमल्यास आठवड्याने. मधल्या दिवसांत तुमच्याच शहरातल्या एखाद्या बँडची, ज्याचं नाव अजून कोणी घेत नाही, दोन गाणी शोधून ऐका, आणि आवडली तर त्यांना तसं कळवा. १९८९ साली स्टॉकटनहून निघालेल्या बहुतेक पाकिटांना उत्तर आलं नव्हतं. ज्या थोड्यांनी दिलं, त्यांच्यामुळे सहावं गाणं झालं.